आठ महिने ई-माउंटन बाईक, आणि आता आल्प्स ओलांडायची तयारी

डिसेंबरात ही सायकल घेतली तेव्हाच बेत ठरला होता: सप्टेंबरात आल्प्स ओलांडून इटलीतल्या गार्डा सरोवरापर्यंत जायचं. मी म्युनिकला राहते, धाकटा भाऊ पुण्याहून येणार आहे. आठ महिन्यांत १,९०० किलोमीटर झाले, आणि आता या सायकलीबद्दल खात्रीने काही सांगता येईल असं वाटतं.

या वर्गातल्या बहुतेक सायकली मोटर-बॅटरीच्या बाबतीत मिळत्याजुळत्या असतात, म्हणून नावापेक्षा आकडे सांगते. मोटरचा टॉर्क, म्हणजे पेडलला मिळणारा जोर, ८५ न्यूटन-मीटर, बॅटरी ६२५ वॅट-तासांची, वजन २४ किलो. युरोपच्या नियमाप्रमाणे मोटरची अखंड ताकद २५० वॅट आणि तिची साथ ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. पेडल मारणं थांबवलं की मोटरही थांबते. घाम येतोच, फक्त चढावर छाती फुटत नाही.

सगळ्यात मोठा धडा जूनमध्ये मिळाला. कार्वेन्डेल पर्वतात, ऑस्ट्रियातल्या शार्निट्झ स्टेशनपासून कार्वेन्डेलहाउस या डोंगरातल्या हटपर्यंत (वाटसरूंच्या मुक्कामाच्या घरापर्यंत) कच्चा रस्ता जातो. सुमारे १८ किलोमीटर, ९६४ मीटरवरून १,७७१ मीटरवर. हवा सुरेख, पाय ताजे, म्हणून मी टर्बो मोड, म्हणजे मोटरची सगळ्यात जास्त साथ, लावून सरळ वर गेले. निम्मी बॅटरी संपली होती, पण परतीचा रस्ता उताराचाच आहे असं समजून पुढची खिंड ओलांडली, खाली मेपलच्या जुन्या झाडांच्या कुरणात उतरले आणि समोरच्या फाल्केनहुटे या दुसऱ्या हटपर्यंत पुन्हा चढले. परत यायला तीच खिंड पुन्हा चढायची होती, हे गणितात धरलंच नव्हतं. एकूण चढाई १,६५० मीटरच्या आसपास. पायथ्यापासून सिंहगड सुमारे ६०० मीटर धरला, तर एका दिवसात पावणेतीन सिंहगड! खिंड दीडशे मीटर वर असताना स्क्रीनवर शून्य आलं. मोटर गप्प झाल्यावर २४ किलोची सायकल खडीवरून ढकलताना हात थरथरत होते, आणि टायरखालून दगड सटकल्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. चार्जर घरी होता. एका दिवसासाठी पाऊण किलोचं ओझं कशाला, असा विचार केला होता.

त्या रात्री वहीत हिशेब मांडला. माझं वजन ६२ किलो, सायकल २४, सामान ७. हे ९३ किलो एक हजार मीटर वर न्यायला, घर्षण सोडून, सुमारे २५० वॅट-तास लागतात. त्यातलं काही पाय देतात, काही मोटर देते, आणि मोटर तापण्यात थोडं वाया जातं. माझ्या अनुभवात पूर्ण बॅटरी टर्बोवर १,५०० मीटर चढवते, इको आणि टूर हे कमी साथीचे मोड आलटून पालटून वापरले तर २,३०० च्या पुढे. इको मोडला मी आधी नावं ठेवायची, आता तोच माझा आवडता. किलोमीटर बघून बेत आखायचा नाही. चढाई बघायची, आणि रात्री प्लग कुठे आहे ते बघायचं.

म्हणून आम्ही मुक्काम उंच हटमध्ये न ठेवता दऱ्यांतल्या गावांत ठेवलेत. बऱ्याच हट आपली वीज स्वतः, सौर पॅनेलवर किंवा ओढ्याच्या पाण्यावर तयार करतात. ती आधी स्वयंपाकघराला आणि दिव्यांना लागते. दोन सायकलींचा भार तिथे टाकणं मला पटत नाही. रिकामी बॅटरी माझ्या ४ अँपिअरच्या चार्जरवर भरायला पाच तास घेते, म्हणजे दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जेमतेम तिसरा हिस्सा.

तक्रारी आहेत. सायकलीबरोबर आलेले ब्रेक पॅड ९०० किलोमीटरमध्ये झिजले. लांब उतारावर रेझिनचे पॅड तापले की लिव्हर दाबूनही हवी तशी पकड मिळत नाही. मी मेटल पॅड बसवून घेतले, थोडे ओरडतात पण भरवशाचे आहेत. एकदा मागच्या चाकावरचा, सेन्सरला वेग कळवणारा छोटा चुंबक सरकला आणि मोटरची साथ गेली. सर्व्हिस सेंटरने दहा दिवसांनंतरची तारीख दिली. शेवटी घरीच ॲलन-कीने चुंबक सेन्सरसमोर आणला, दोन मिनिटांत काम झालं. ही किल्ली आता कायम खिशात असते. आणि आडव्या पडलेल्या झाडावरून ही सायकल एकटीने उचलणं खरोखर अवघड आहे. साडेतीन किलोची बॅटरी आधी काढून पलीकडे ठेवते, मग सायकल.

भावाला पुण्यातली स्वतःची ई-सायकल आणायची होती. ते जमणार नाही. प्रवासी विमानात १६० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी इथेच भाड्याने घेतोय.

मार्ग जुन्या रोमन रस्त्याचा, व्हिया क्लाउडिया ऑगस्टा: फ्युसेन, फर्न खिंड, लांडेक, तिथून नाउडर्स. नाउडर्सला दोन रात्री, कारण तिथे लिफ्टने (रोपवेने) वर जाऊन ट्रेल, म्हणजे डोंगरवाटा, उतरता येतात आणि बॅटरी वाचते. ऑस्ट्रियात जंगलातल्या कुठल्याही वाटेवर सायकल घालायची मुभा नाही, खुल्या केलेल्या वाटांवरच जायचं. मग सुमारे १,५०० मीटरवरची रेशेन खिंड. पलीकडच्या सरोवरातून एका चर्चचा मनोरा वर आलेला दिसतो. १९५० मध्ये धरणाखाली गेलेल्या ग्राउन गावाचा तो. तिथे मला थोडं थांबायचंय, आपल्याकडेही धरणाखाली गेलेली गावं आहेत. पुढे सफरचंदांच्या बागांतून मेरान, बोल्झानो, त्रेंतो, आणि नागोच्या वळणावरून खाली गार्डा. परतीला रोवेरेतोहून ट्रेन, सायकलींच्या जागा आधीच आरक्षित केल्यात.

आल्प्समध्ये दुपारनंतर वादळं येतात, म्हणून रोज सकाळी सातला निघायचं ठरलंय. भाड्याच्या दुकानात मात्र एक गोष्ट ठासून सांगून ठेवलीय: भावाला ७५० वॅट-तासांचीच बॅटरी हवी. तो माझ्यापेक्षा २३ किलोंनी जड आहे, दर हजार मीटरला साठेक वॅट-तास जास्त लागणार.