अतामी: दोन दिवस नुसतं लोळणं
टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेन) पाऊण तासात अतामी, समुद्रकाठचं गरम झऱ्यांचं गाव. रूम तातामीची (जमिनीवर गवती चटया), खिडकीतून सरळ समुद्र आणि लांबवर हात्सुशिमा बेट, आम्ही युकाता म्हणजे सुती किमोनो घालून ग्रीन टी पीत नुसते पडून होतो (डावी बाजू वर घ्यायची बरं का, उलटी मयताला असते, मी आधी तेच केलेलं). ओन्सेनमध्ये म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडात कपड्यांशिवायच उतरायचं, पहिली पाच मिनिटं लाजेने जीव गेला, मग गळ्यापर्यंत गरम पाणी आणि तोंडावर समुद्राचा गार वारा, बाहेर निघवेचना. जेवणाचे मात्र वांधे, व्हेज आधीच कळवलं होतं तरी सूपमध्ये माशाचा दाशी (अर्क) होताच, आई बिचारी भात-लोणचं खाऊन झोपली. परत नक्की जाऊ, पण जेवण न घेता फक्त रूम बुक करून.