डेंटल लॅब टेक्निशियनचा सर्टिफिकेट कोर्स : मेणात पैसे वसूल, कॉम्प्युटरवर नाही

बारावी सायन्सनंतर गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका खासगी संस्थेत हा कोर्स, म्हणजे डेंटिस्टसाठी कृत्रिम दात आणि कवळ्या बनवायचं शिक्षण, घेतला. आता उन्हाळा लागलाय आणि दुपारी टिळक रोडजवळच्या एका लॅबमध्ये हाताखाली कामही करते. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही.

सुरुवातीचे महिने नुसते मेणाचे. ठोकळ्यातून दात कोरायचा, सरांना दाखवायचा, मोडून परत कोरायचा. बॅचमधली बरीच मुलं वैतागली. मशीन दात बनवतं, मग हे कशाला, असा सूर. मला विचाराल तर फी इथंच वसूल झाली. वरच्या पुढच्या दाताचा मधल्या रेषेकडचा कोपरा टोकदार, बाहेरचा जरा गोल. खालच्या पहिल्या दाढेला पाच टेकाडं, त्यातलं मागचं सगळ्यात लहान. हे नुसतं वाचलं तर परीक्षेपुरतं राहतं. कोरून हात बसला की लॅबमध्ये कॅप (दातावर बसवायचं टोपण) उचलतानाच ती ११ ची की २१ ची, म्हणजे वरच्या उजव्या पुढच्या दाताची की डाव्या, हे कळतं, आणि काम पुन्हा करायला परत येत नाही.

ॲक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लॅस्टिक, तेही नीट शिकवलं. पावडर-लिक्विड तीनास एक, मिश्रण बरणीला चिकटायचं थांबेपर्यंत धीर धरायचा, मगच फ्लास्क (कवळीच्या साच्याचा धातूचा डबा) भरायचा. तो घाईनं उकळत्या पाण्यात टाकला तर आतलं मोनोमर, म्हणजे तेच लिक्विड, १०० अंशांच्या आसपास उकळतं आणि कवळीच्या जाड भागात भोकं पडतात. मॅडमनी अशी बिघडलेली कवळी कापूनच दाखवली.

जाहिरातीत मात्र कॅड-कॅम, म्हणजे कॉम्प्युटरवर दात आखून मशीननं कोरणं, सगळ्यात ठळक होतं. प्रत्यक्षात एका कॉम्प्युटरभोवती अख्खी बॅच उभी. झिर्कोनिया (कॅपचं पांढरं सिरॅमिक) भट्टीत साधारण २० टक्के आक्रसतं म्हणून मशीनवर कोरताना कॅप मोठी काढतात, एवढं कळलं. माऊस काही हातात आला नाही. ते आता लॅबमध्ये शिकतेय, मालकांचा मूड असेल तेव्हा.

ट्रिमिंगच्या (घासून आकार द्यायच्या) खोलीत धूळ ओढणारं मशीन नाही. मास्क स्वतःचा न्या, कापडी नको. कोबाल्ट-क्रोम धातू घासताना तर नकोच.

आता कागदाचं. १९४८ च्या डेंटिस्ट ॲक्टनं डेंटल मेकॅनिकची (कायद्यात आमच्या कामाचं हे नाव) वेगळी नोंदणी आणली आणि तिला मान्यताप्राप्त संस्थेतलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण ठरवलं. आमचा कोर्स त्यात बसत नाही. प्रवेशाच्या वेळी बाबांनी थेट विचारलं तर 'सगळीकडे चालतं काका' एवढंच उत्तर. खासगी लॅबमध्ये खरंच चालतं. मला ठेवताना मालकांनी प्रमाणपत्र पाहिलंही नाही, एक दाढ कोरायला दिली. पण सरकारी डेंटल कॉलेजातली जागा डोक्यात असेल तर हा कोर्स नको, दोन वर्षांचाच बघा.

मायक्रोमोटर (घासायचं छोटं फिरतं यंत्र) पहिल्याच आठवड्यात घ्यायला लावतात. घेऊ नका, तो बरेच महिने पिशवीतच राहतो. मेण कोरायचा कार्व्हर मात्र चांगला घ्या.