डिस्क भरली: एनसीडीयू की बाओबाब?

सर्व्हरची डिस्क भरली की मी आधी एनसीडीयू (ncdu) हे कुठे किती जागा गेली ते मोजणारं साधन लावतो. एसएसएचवरून (म्हणजे दुरून सर्व्हरशी जोडून) टर्मिनलमध्येच, आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालतं, सगळ्यात मोठा फोल्डर वर दाखवतं. एंटर दाबत आत उतरत जायचं. रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून (/), मोजताना 'उणे एक्स' (-x) हा पर्याय जरूर द्या, म्हणजे माउंट केलेल्या, म्हणजे त्यात जोडलेल्या, दुसऱ्या डिस्कमध्ये ते शिरत नाही. बऱ्याचदा जुने लॉगच (प्रोग्रॅमच्या नोंदींच्या फाइली) जागा अडवून बसलेले सापडतात. मात्र 'डी' दाबून होकार दिला की फाइल कायमची गेली!

बाओबाब हे त्याच कामाचं, पण ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपचं खिडकीतलं साधन. रंगीत कड्यांमधून कुठे किती जागा गेली ते एका नजरेत कळतं. काढलेली फाइल ट्रॅशमध्ये जाते, त्यामुळे नवख्याच्या लॅपटॉपवर मी हेच सुचवतो. फक्त ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.