अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरण्याआधी आमच्या आत्याचं काय झालं ते वाचा

माझ्या आत्याने स्वतःच्या अंत्यविधीसाठी एका खासगी कंपनीकडे 59,000 रुपये आगाऊ भरले होते. ती गेली तेव्हा त्या पैशांतून साधं मडकंसुद्धा आलं नाही. प्रकरण ग्राहक आयोगात असल्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण पाटी बदलून हीच माणसं उद्या तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघातही येऊ शकतात.

आत्या माहीमला एकटी राहायची. मुलगा इंग्लंडमध्ये, लेस्टरला. "माझ्या मढ्यामागे कुणाची धावाधाव नको," हे ती हसत हसत म्हणायची, पण ते तिच्या मनात पक्कं बसलं होतं. तिच्या आईने ट्रंकेच्या तळाशी कोरं लुगडं आणि नोटांची पुरचुंडी ठेवली होती, "माझ्या शेवटाला" म्हणून. आत्याने तेच केलं, फक्त पुरचुंडी परक्याच्या हातात दिली.

संघाच्या सभागृहात चहा-समोसे झाल्यावर एक गोड बोलणारा मुलगा उभा राहिला. मुलं परदेशात, शेजारच्यांची दारं बंद, वेळेवर चार खांदे कुठून आणणार, असं तासभर ऐकवून त्याने म्हाताऱ्यांना पुरतं हळवं केलं. "मावशी, फक्त एक फोन. पुढचं सगळं आमच्याकडे लागलं." तिरडीचं सामान, शववाहिका, गुरुजी, खांदेकरी, स्मशानातलं 'बुकिंग', मृत्यूचा दाखला आणि नाशिकला अस्थिविसर्जन. किंमत 50,000, वर 18 टक्के जीएसटी. बदल्यात सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि फ्रिजवर लावायला प्लास्टिकचं कार्ड.

आता या यादीत विकण्यासारखं किती होतं ते बघा. मुंबईत महापालिकेच्या स्मशानभूमीत दहनाला पैसे पडत नाहीत. लाकडावर करायचं तर एका पार्थिवाला 300 किलो लाकूड पालिका मोफत देते, विद्युतदाहिनीलाही आकार नाही. मृत्यूची नोंद डॉक्टरांच्या कागदावरून होते आणि दाखला वॉर्ड ऑफिसातून मिळतो. म्हणजे खरा खर्च राहिला सामानाचा, गाडीचा आणि गुरुजींच्या दक्षिणेचा. गुरुजी आणि नाशिक कितीही भारी धरलं तरी पन्नास हजार होत नाहीत.

आत्या एका पहाटे झोपेतच गेली. शेजारच्या काकूंनी मला बोलावलं. फ्रिजवरच्या कार्डावर 'चोवीस तास' म्हणून छापलेला नंबर बंद होता. पावतीवरचा दुसरा नंबर बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला. तो म्हणाला, मुंबईचं काम आता आमच्याकडे आहे, पण मॅडमचा प्लॅन लॅप्स झालाय. वर्षाला 1,500 रुपये 'देखभाल शुल्क' भरायचं होतं म्हणे. करार नंतर चाळला तेव्हा ते चौथ्या पानावर बारीक अक्षरांत सापडलं. सभेत त्याचा कुणी उच्चारही केला नव्हता आणि आत्याला त्याची मागणी कधीच आली नव्हती. "आत्ता बावीस हजार ट्रान्सफर करा, गाडी लगेच निघते. नंतर ऑफिसशी बोलून अ‍ॅडजस्ट करू." आणि पुढे, अगदी सहज: "डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागेल ना? आमचे डॉक्टर आहेत. पाच हजार. यायचीसुद्धा गरज नाही."

इथे मी फोन ठेवला. माणूस न बघता मरणाचं कारण लिहून देणारा डॉक्टर हा निव्वळ गुन्हा आहे, आणि तो कागद आपल्या हातात असला की आपणही त्यात अडकतो. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 10 मध्ये स्पष्ट म्हटलंय की शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र शुल्क न घेता द्यायचं. आत्याचे नेहमीचे डॉक्टर तिच्या हृदयाचं औषधपाणी बघत होते. ते आले, तपासलं, कागद लिहिला. पैसे विचारले तर हात झटकले. हेच डॉक्टर तिला वर्षभर भेटले नसते, तर त्यांनी सही करायला नकार दिला असता आणि मग पोलीस, शवविच्छेदन हा सगळा रस्ता चालावा लागला असता. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने खरी तयारी करायची तर ती ही: जवळचा एक डॉक्टर, जो आपल्याला ओळखतो आणि ज्याच्याकडे आपले कागद आहेत.

पुढचं गल्लीतल्या मंडळाच्या मुलांनी केलं. आतेभाऊ दुसऱ्या दिवशी पोहोचणार होता, तोवर पार्थिव रुग्णालयाच्या शवागारात ठेवलं. शववाहिका मंडळाच्या ओळखीने आली. शिवाजी पार्कच्या भागोजी कीर स्मशानभूमीत कारकुनाने डॉक्टरांचा कागद, आत्याचं आधार आणि माझं ओळखपत्र मागितलं, वहीत नोंद केली, बस. मी मुद्दाम विचारलं, इथे आगाऊ बुकिंग होतं का? त्याने चष्म्यावरून बघितलं. "बुकिंग? ताई, आलात की नंबर."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पुष्कळ ऐकले होते. यांनी मढं होण्याचीही वाट पाहिली नाही.

तेरावा झाल्यावर मी पावती घेऊन बसले. सगळ्यात आधी खटकला तो जीएसटी. अंत्यविधी, दफन, दहन, शवागार आणि पार्थिवाची वाहतूक या सेवा जीएसटीच्या कक्षेतच येत नाहीत. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत तसं लिहिलेलं आहे. जुलै 2022 मध्ये 'आता मरणावरही 18 टक्के' अशी बोंब उठली होती, तेव्हा सरकारने खुलासा केला होता की तो दर स्मशानभूमी बांधण्याच्या कंत्राटांसाठी आहे, अंत्यसंस्कारासाठी नाही. म्हणजे आत्याकडून घेतलेले 9,000 रुपये कर म्हणून घेताच येत नव्हते. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला (कुणालाही टाकता येतो, लॉगिन लागत नाही), तर तो एका लग्नसमारंभवाल्याचा निघाला, आणि तोही रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम. कुठल्याही 'अंतिम सेवा' वाल्याची पावती हातात आली की हे दोन मुद्दे आधी बघा.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. कंपनीने सेवेसाठी आगाऊ रक्कम घेतली तर ती 365 दिवसांच्या आत त्या सेवेपोटी वळती व्हावी लागते, नाहीतर कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या नियमांप्रमाणे ती 'ठेव' धरली जाते. आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सर्वसामान्य लोकांकडून ठेवी घेण्याची मुभाच नाही. माणूस कधी मरेल हे कुणाला ठाऊक? वर्षभरात ग्राहक जाईल, असं धरून तर कुणी प्लॅन विकत नाही. त्यामुळे या धंद्याची मांडणीच मुळात संशयास्पद आहे. 'तुमच्या पैशांमागे विमा आहे' असंही आत्याला सांगितलं होतं. तिच्या नावाची पॉलिसी आम्हाला कुठे सापडली नाही, कारण ती कधी काढलीच नव्हती.

आतेभावाने सांगितलं की इंग्लंडमध्ये असे प्लॅन सर्रास घेतात आणि तिथेही हेच झालं. सेफ हँड्स नावाची कंपनी मार्च 2022 मध्ये कोसळली तेव्हा तिचे सुमारे 46,000 ग्राहक होते. त्याच वर्षी 29 जुलैपासून हा व्यवसाय तिथल्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली आला. आपल्याकडे या प्लॅनसाठी वेगळा नियामकच नाही. कोणी 'सरकारमान्य' म्हणाला तर कोणत्या कायद्याखाली, एवढं विचारा.

पैसे बाजूला ठेवायचे असतील तर स्वतःच्याच बँकेत ठेवा, आणि खातं विश्वासाच्या माणसाबरोबर संयुक्त करा, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं. नुसतं नामनिर्देशन त्या दिवशी कामाला येत नाही, कारण नॉमिनीला पैसे मिळायला मृत्यूचा दाखला लागतो आणि दाखला अंत्यसंस्कारानंतर मिळतो. आत्याची बँकेतली ठेव अशीच अडकली होती. सगळा खर्च आधी खिशातून केला, ठेव हातात आली ती नंतर.

ज्यांनी आधीच असे पैसे भरलेत त्यांनी माणूस जाण्याची वाट पाहू नये. रक्कम परत हवी असं आजच लेखी कळवा, रजिस्टर्ड एडी पत्राने. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात ती करता येते आणि ऑनलाइनही दाखल होते. आत्याच्या करारात 'वाद झाल्यास लवाद दिल्लीत' असं कलम होतं. ते बघून गप्प बसू नका, त्याने ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही. ग्राहक हयात नसेल तर वारस तक्रार करू शकतो, आतेभावाने तशीच केली आहे. मुदत दोन वर्षांची.

आयोगाने पाठवलेली नोटीस 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. आता ती संचालकांच्या घरच्या पत्त्यांवर गेली आहे. ते पत्ते आम्ही कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून कंपनीची कागदपत्रं पाहिली त्यांतून मिळाले. तुमच्या कंपनीचं ऑफिस अजून उघडं असेल, तर ही कागदपत्रं आत्ताच उतरवून ठेवा.