ईटीडीआरके४: काही महिने रोज वापरल्यानंतर

ईटीडीआरके४ म्हणजे काळानुसार बदलणारी अवकल समीकरणं संगणकावर पायरी-पायरीने सोडवण्याची चौथ्या क्रमाची घातांकी रुंगे–कुट्टा पद्धत. आधी निकाल सांगतो. कुरामोतो–सिवाशिन्स्कीसारखं (ज्योतीच्या पृष्ठभागाची अस्थिरता मांडणारं) समीकरण आवर्ती सीमांवर, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जोडलेली धरून, सोडवायचं असेल, तर ही पद्धत डोळे झाकून घ्या. बाकीच्यांनी पुढचं वाचून ठरवावं.

या समीकरणात सगळी डोकेदुखी चौथ्या क्रमाच्या अवकलजाची. ३२π लांबीचा पट्टा, १२८ बिंदू आणि फूरिये पद्धत (उत्तर साइन-कोसाइन तरंगांत मोडणारी) घेतली, तर सर्वांत वरच्या तरंगाचा क्षयदर २४० येतो. साध्या चौथ्या क्रमाच्या रुंगे–कुट्टाची स्थिरतेची मर्यादा (क्षयदर गुणिले पायरी) २.७८ च्या आसपास संपते. म्हणजे कालपायरी ०.०११ च्या फारशी वर नेली की पडद्यावर नॅनच नॅन (NaN, म्हणजे ‘ही संख्याच नाही’). बिंदू दुप्पट केले की पायरी जवळपास सोळाव्या हिश्श्यावर आणावी लागते. ईटीडीआरके४ तेच काम ०.२५ च्या पायरीने उरकते, कारण रेषीय भाग ती घातांकी फलनाने नेमका सोडवते आणि रुंगे–कुट्टा फक्त अरेषीय पदापुरती वापरते. क्रँक–निकोल्सन ही जुनी अव्यक्त (इम्प्लिसिट) पद्धतही स्थिर आहे, नाही असं नाही. पण मोठ्या पायरीला तिच्यात वरचे तरंग मरत नाहीत, दर पायरीला चिन्ह बदलत रेंगाळतात. ईटीडीआरके४ मध्ये ते निमूट मरतात.

आता खरी मेख. कॉक्स आणि मॅथ्यूज यांची या पद्धतीची २००२ ची मूळ सूत्रं जशीच्या तशी टाइप करू नका. सहगुणकांच्या छेदात घन आहे आणि अंशात जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी. रेषीय गुणांक गुणिले पायरी ही संख्या ०.००००१ असेल, तर पहिल्या सहगुणकाच्या सूत्रातून १/६ च्या अगदी जवळचं उत्तर यायला हवं. पण तिचा घन दहाचा उणे पंधरावा घात, आणि डबल प्रिसिजनमधली (संगणकाच्या नेहमीच्या सुमारे १६ अंकी आकडेमोडीतली) चूकही जवळपास त्याच मापाची. हाती कचरा येतो. कसम आणि ट्रेफेथन यांनी २००५ मध्ये दिलेला उपाय मला पद्धतीइतकाच आवडतो: त्या बिंदूभोवती संमिश्र प्रतलात वर्तुळ काढा, परिघावरच्या ३२ बिंदूंवर सूत्र चालवा, सरासरी घ्या. लूपच्या बाहेर एकदाच करायचं, त्यामुळे वेळेचा प्रश्नच नाही.

त्यांच्या कोडमध्ये अर्धंच वर्तुळ घेऊन शेवटी वास्तव भाग काढलाय. रेषीय भाग वास्तव आहे तोवर ते चालतं. कोर्तवेग–द व्रीस या उथळ पाण्यातल्या लाटांच्या समीकरणासाठी तो शुद्ध काल्पनिक असतो. तिथे पूर्ण वर्तुळ घ्या आणि ती ‘रिअल’ची ओळ उडवा. नाहीतर एकही एरर न देता प्रोग्राम चुकीचं उत्तर हातात ठेवतो.

तक्रारी आहेतच. सीमा आवर्ती नसल्या की फूरियेऐवजी चेबिशेव बहुपदींचे भरगच्च मॅट्रिक्स येतात, त्यांचे घातांक काढणं महाग पडतं आणि चौथ्या क्रमाची अचूकताही घसरू शकते. बर्गर्स या प्रवाहाच्या समीकरणात श्यानता फार कमी केली तर तीव्र उताराशी गिब्जच्या लाटा (खोटी वर-खाली थरथर) उठतात. तिथे सरळ फायनाइट व्हॉल्यूमकडे (पट्ट्याचे छोटे कप्पे करून प्रत्येकातला आत-बाहेरचा प्रवाह मोजणाऱ्या पद्धतीकडे) जा. ॲलन–कान या पदार्थाच्या दोन अवस्थांच्या सीमेच्या समीकरणात ऊर्जा प्रत्येक पायरीला घटायलाच हवी, पण मोठ्या पायरीला ही पद्धत तशी हमी देत नाही. एअर यांची १९९८ ची बहिर्वक्र विभाजनाची (ऊर्जेचे बहिर्वक्र आणि अंतर्वक्र भाग वेगळे हाताळणारी) पद्धत ती देते, फक्त पहिल्या क्रमाची अचूकता पदरात घेऊन. लांबच्या रनला मी तीच लावतो.

आणि पायरी मध्येच बदलली की सगळे सहगुणक नव्याने काढावे लागतात. मी पायऱ्या दुपटीच्या पटीत ठेवतो आणि तीन-चार संच आधीच साठवून ठेवतो.