फ्युजनचं कॅम, नऊ महिने वापरल्यानंतर

ऑटोडेस्क फ्युजन या डिझाइन सॉफ्टवेअरमधलं कॅम (मॉडेलवरून मशीनचा प्रोग्राम काढणारा भाग) तीन अक्षांच्या व्हीएमसीवर (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनवर), फानुक कंट्रोलसोबत (मशीन चालवणारा संगणक), नऊ महिने रोज वापरल्यानंतरचं हे मत आहे. कामं भोसरी किंवा शिरोलीच्या कुठल्याही जॉबशॉपमध्ये दिसतील तशी: कास्टिंगचे ब्रॅकेट, ईएन ८ (मध्यम कार्बन स्टील) च्या प्लेट, ॲल्युमिनियमचे फिक्श्चर, पाच-दहा नगांचे लॉट. मॉडेलिंगवर फार लिहीत नाही. स्केच, एक्सट्रूड, होल हे आज सगळीकडे चांगलं जमतं. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला हवा असतो तो वाचता येणारा आणि माप चुकलं तर जागेवरच सुधारता येणारा प्रोग्राम. सॉफ्टवेअर जोखायचं ते तिथेच.

म्हणून पहिली गोष्ट कॉम्पेन्सेशनची, म्हणजे टूलचा पाथ त्याच्या त्रिज्येइतका बाजूला सरकवण्याची. टूडी कंटूरच्या (कडेने कापणाऱ्या टूलपाथच्या) पासेस टॅबमध्ये कॉम्पेन्सेशन टाइप मुळात 'इन कॉम्प्युटर' असतो. त्यात जी४१, म्हणजे मशीनवरच ही सरक लावणारा कोड, येतच नाही. एंडमिल (मिलिंगचं कापणारं टूल) झिजली की संगणकापाशी जाऊन पुन्हा पोस्ट करा, म्हणजे प्रोग्राम नव्याने काढा. फिनिशिंगच्या प्रत्येक कंटूरला 'वेअर' निवडा. पाथ टूलच्या व्यासानुसार सॉफ्टवेअरच काढतं, सोबत जी४१ आणि डी नंबर (कंट्रोलमध्ये टूलच्या दुरुस्तीचं माप भरायची जागा) येतो आणि डीमध्ये सुरुवातीला शून्य असतं. समजा ४० एच७ चा बोअर (अचूक मापाचं भोक) आहे, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. पहिल्या नगात माप ३९.९८० आलं. मधलं ४०.०१२ गाठायला व्यासावर ०.०३२ हवेत, म्हणून डीमध्ये उणे ०.०१६ टाकून फिनिश पास पुन्हा चालवायचा. कंट्रोलवर डी त्रिज्येत धरला आहे की व्यासात, हे पॅरामीटरवर ठरतं. ते आधी तपासा, नाहीतर दुरुस्ती दुप्पट किंवा निम्मी होईल.

वेअर वापरताना लीड-इनला (टूल कापात शिरतानाच्या वाटेला) सरळ तुकडा ठेवावाच लागतो. जी४१ गोलाईच्या ब्लॉकवर सुरू झाला की फानुक ०३४ अलार्म देतो. जुन्या सवयीने डीमध्ये टूलची पूर्ण त्रिज्या भरली, तर पाथ दुसऱ्यांदा सरकतो, आणि मग अरुंद खिशात (पॉकेटमध्ये) ०४१ अलार्म येतो. सेटर (मशीनवर जॉब लावणारा) आणि प्रोग्रामर वेगळे असतील, तर 'डी शून्यापासून' हे प्रोग्रामच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये लिहायलाच हवं.

पोस्ट प्रोसेसर, म्हणजे टूलपाथचा मशीनला कळणारा कोड करणारी फाइल, ही फ्युजनची खरी ताकद. फाइल जावास्क्रिप्टमध्ये, उघडी आणि वाचता येणारी. तयार फानुक पोस्ट प्रत्येक टूलचा व्यास, कोपऱ्याची त्रिज्या आणि सर्वांत खालचा झेड (टूल जाईल ती खोली) प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहितो. तो झेड पॅरललच्या (वाइसमध्ये जॉबखाली ठेवलेल्या पट्टीच्या) उंचीशी ताडून बघण्यात अर्धं मिनिट जातं, आणि वाइसच्या तळात ड्रिल घुसणं वाचतं. ड्रिलिंगला जी८१, जी८३ ही तयार सायकल सरळ येतात, त्यामुळे पेक डेप्थ (एका टप्प्यात किती खोल जायचं) मशीनवरच बदलता येते. टॅपिंगला (आटे पाडायला) एम२९ आणि जी८४ येतो, पण फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) टूल लायब्ररीतल्या पिचवरून (दोन आट्यांमधल्या अंतरावरून) निघतो. एम८ ला पिच १.२५, ४०० आरपीएमला एफ५०० यायला हवा. लायब्ररीत पिच चुकीची असेल तर टॅप पहिल्याच भोकात तुटतो, म्हणून हा एक आकडा हाताने गुणून बघावाच.

'प्रीलोड टूल' (पुढचं टूल आधीच तयार ठेवणं) हा पर्याय आर्म असलेल्या एटीसीसाठी (आपोआप टूल बदलणाऱ्या यंत्रणेसाठी) आहे. अंब्रेला मॅगझिनवर (आर्म नसलेल्या, छत्रीसारख्या टूलच्या चकतीवर) तो बंद ठेवा. कंट्रोलची मेमरी २५६ केबी असेल, म्हणजे फानुकच्या जुन्या भाषेत ६४० मीटर, तर लाइन नंबर आणि शब्दांमधली मोकळी जागा पोस्टमधून काढा. फाइल बरीच आटते. रफिंगला (जादा धातू काढताना) टॉलरन्स आणि स्मूदिंग प्रत्येकी ०.०५ आणि फिनिशिंगसाठी सोडायचा स्टॉक ०.३ ठेवला की छोट्या सरळ रेषांचे आर्क होतात. मात्र दशांश स्थळं तीनपेक्षा कमी करू नका. नाहीतर आर्कच्या सुरुवातीची आणि शेवटची त्रिज्या जुळत नाही आणि ०२० अलार्म येतो.

आता टूल ठोकण्याच्या जागा. सेटअपमध्ये स्टॉक (कच्चा माल) मुळात मॉडेलपेक्षा बाजूंनी आणि वरून १ मिमी मोठा धरलेला असतो. करवतीने कापलेल्या प्लेटवर किंवा कास्टिंगवर ३-४ मिमी सहज असतात. सिम्युलेशन हिरवं दिसतं आणि मशीनवर एंडमिल पहिल्याच पासला पूर्ण धातूत शिरते. जॉब बांधण्याआधी कच्चा माल मोजा आणि तेच माप टाका. रिट्रॅक्ट हाइट (दोन कापांच्या मधे टूल उचलायची उंची) स्टॉकच्या वर ५ मिमी असते; क्लॅम्पचा बोल्ट २५ मिमी वर आलेला असेल तर हे पुरत नाही. क्लॅम्प मॉडेलमध्ये घ्या आणि सेटअपमध्ये फिक्श्चर म्हणून निवडा.

याहून फसवी गोष्ट जी०० ची, म्हणजे न कापता पूर्ण वेगाने जाण्याच्या, रॅपिडच्या कोडची. स्क्रीनवर रॅपिड सरळ रेषेत जातो. फानुकवर पॅरामीटर १४०१ चा बिट १ शून्य असेल तर प्रत्येक अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने निघतो आणि वाट मोडकी होते. स्क्रीनवर क्लॅम्पच्या बाजूने जाणारं टूल मशीनवर क्लॅम्पवर जातं. एकतर पॅरामीटर बदलून घ्या, नाहीतर लिंकिंगमध्ये (कापांमधल्या हालचालींच्या टॅबमध्ये) तिरक्या रॅपिडऐवजी हाय फीड निवडा. हा दोष सॉफ्टवेअरचा म्हणता येत नाही, पण सिम्युलेशनवर डोळे मिटून भरवसा ठेवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते.

ॲडॅप्टिव्ह क्लिअरिंगसाठी (टूलवरचा भार सारखा ठेवणाऱ्या रफिंगसाठी) मात्र मनापासून दाद. ईएन ८ वर १० मिमीची चार फ्लूटची (दातांची) कार्बाइड एंडमिल, खोली २० मिमी, ऑप्टिमल लोड (बाजूचा काप) १ मिमी, १२० मीटर प्रति मिनिट, म्हणजे ३८२० आरपीएम. फीड आपण टाकू तोच राहतो, आणि इथे बहुतेक जण कमी टाकतात. बाजूचा काप व्यासाच्या दहा टक्के असला की चिप ०.६ पट जाडीचीच उरते. दाताला खरी ०.०५ ची चिप हवी असेल तर ०.०८३ टाकावे लागतात, म्हणजे फीड ७६४ ऐवजी सुमारे १२७० मिमी प्रति मिनिट. कमी फीडला टूल कापत नाही, घासतं. धार तापते आणि कामाचा कडकपणा विनाकारण दोषी ठरतो.

मोफत पर्सनल परवाना व्यवसायासाठी नाहीच. त्यात रॅपिडच्या जागी फीड येतो, एका फाइलमध्ये टूल चेंज मिळत नाही आणि एका वेळी दहाच डॉक्युमेंट संपादित करता येतात. शिकणाऱ्याला पुरेसा आहे. शॉपला वर्गणी भरावी लागते, आणि डेटा क्लाउडवर राहतो. ऑफलाइन साधारण दोन आठवडे काम करता येतं, तरी चालू जॉबच्या एनसी फाइल, सेटअप शीट आणि बदललेले पोस्ट शॉपमधल्या संगणकावर वेगळे ठेवाच. इंटरनेट गेलं म्हणून स्पिंडल थांबू नये.

सेटअप शीटवर टूलची यादी आणि अंदाजे वेळ ठीक येतो. होल्डरमधून टूल किती बाहेर काढायचं, तो आकडा मात्र लायब्ररीत नीट भरला असेल तरच खरा असतो, आणि होल्डरची टक्कर तपासणीही त्याच आकड्यावर चालते. साध्या लेथ कामासाठी हे घेऊ नका. दोन व्यास आणि एक चॅम्फर असलेल्या पिनला जी७१ (लेथची रफिंग सायकल) हाताने लिहिणं अजूनही लवकर होतं.