तेल बंद, चहा चालू

सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साठलेली, निघालं की लातूरकडं पहिली कुऱ्हाड तेलावर पडते. आमच्या काकांनीही भाजीवरची तर्री बाजूला सारायला सुरुवात केली. चहा मात्र दिवसाला सहा कप, कपात दोन चमचे साखर. म्हणजे जवळपास ६० ग्रॅम!

साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज असतं. ग्लुकोज सगळ्या अंगाला लागतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावरच येतो आणि जास्त झालं की तिथंच त्याची चरबी बनते. गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही.

मग तेल निर्दोष? कोणतं, त्यावर आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडच्या एका प्रयोगात जादा वजनाच्या माणसांना तीन आठवडे रोज १००० कॅलरी जास्तीच्या दिल्या. लोणी, चीज, खोबरेल तेल अशी संपृक्त चरबी खाणाऱ्यांच्या यकृतातली चरबी ५५ टक्के वाढली, साखरवाल्यांची ३३, ऑलिव्ह तेल, सुकामेवा अशी असंपृक्त चरबी खाणाऱ्यांची १५. म्हणजे साखरेपेक्षा लोणी वरचढ. पण आपल्याकडं रोज एवढं लोणी खातंय कोण? साखर मात्र पाहुणा आला की पोटात जातेच.

घाण्यावरचं करडईचं तेल मापात असेल तर राहू द्या, त्यात संपृक्त चरबी थोडीच. पामतेलात ती निम्म्याच्या घरात. गाड्यावरची भजी त्यातच तळलेली असतात बहुधा.

काका आता अर्ध्या चमच्यावर आलेत. तर्री परत ताटात आलीय, चहा पिताना मात्र तोंड वाकडं करतात.